बियाण्याची उसळ

माझ्या आईने दिलेलं बियाणं मी स्वतः खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, बोटं चाटून खाल्लं आणि वर "आणखी वायच वाढा" असंही म्हटलं. हे पाप माझ्या हातून करवून घेतलं ते आमच्या तांडेलांनी.

तांडेल म्हणजे माझे यजमान, हरिश्चंद्र. होडीवर ज्याचा शब्द चालतो त्याला आमच्याकडे तांडेल म्हणतात. आता होडी आमचा लेक धनेश बघतो, पण आमच्या तोंडवली गावात अजून यांना कोणी नावाने हाक मारत नाही. दर्यातलं सगळं कळतं यांना. वारा कधी फिरेल, बांगडा कुठे लागेल, पाण्याच्या रंगावरून सांगतील. जमिनीवरचं मात्र विचारू नका. लग्नाला चाळीस वर्षं झाली, परसातल्या अळवाला हे अजून 'ती मोठी पानां' म्हणतात.

गेल्या पावसाच्या शेवटी विहिरीजवळच्या शेवाळावरून माझा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळी घातली. तिथलं जेवण म्हणजे भात आणि पिवळं पाणी. ते बघून तांडेल म्हणाले, "ह्या खावन हाड कसा जुळतला?" आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः रांधून डबा आणायला लागले. माशाची आमटी हा माणूस फर्मास करतो, खोटं कशाला बोलू. पण मग सोमवार आला. सोमवारी आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आता काय करावं म्हणून यांनी स्वयंपाकघर धुंडाळलं. माळ्यावर चढले. तिथे त्यांना एक पत्र्याचा डबा सापडला, त्यात चवळी.

ती चवळी भिजवून, वर ओलं खोबरं घालून यांनी अशी काही उसळ केली की काय सांगू. मी खाल्ली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने खाल्ली. पलीकडची बाळंतीण, तिची सासू, कचरा काढायला आलेली बाई, सगळ्यांना यांनी वाटीवाटीने वाढली. मनाने मोठा माणूस. मी शेवटचा घास घेतला आणि मग विचारलं, "इतकी बरी चवळी खंयसून हाडलात?"

"आपल्या घरातलीच. वरच्या डब्यात होती. पण गो, तेच्यात राख कितकी! धुवन धुवन माझे हात दुखाक लागले."

मी वाटी खाली ठेवली. "सगळी केलात?"

"मगे? तू खातंस ती काय थोडी?"

मी रडायला लागले. गळाच काढला. तांडेल घाबरले, धावत जाऊन सिस्टरला घेऊन आले. "हिचो पाय दुखता, काय ता इंजेक्शन देवा!" सिस्टरनेही दिलं बिचारीने.

राखेत चवळी ठेवतात ती पेरायला, हे वैभववाडीकडच्या शेंबड्या पोराला कळतं. मी वैभववाडीची, घाटाखालच्या शेतकऱ्याच्या घरातली. तांडेल तेव्हा सुके बांगडे विकायला आमच्या बाजारात यायचे. आई बांगडे घ्यायची आणि मी बांगडे विकणाऱ्याकडे बघायची. पुढे जे व्हायचं ते झालं. वडील म्हणाले, आमची मुलगी होडीवाल्याच्या घरात जाणार नाही. तांडेल मागणी घालायला आले तर त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. मग मी एक दिवस नेसत्या साडीने निघाले. आई गोठ्याच्या मागे उभी होती. माझ्या पदराच्या टोकाला तिने चवळीची गाठ मारली, आणि आत गेली. वडिलांनी पुढे मला बोलावलं नाही, आई लवकरच गेली. माहेरचं म्हणून माझ्याकडे जे काही आलं ते एवढंच.

तांबूस दाणा, डोळ्याशी काळा ठिपका, आणि शिजताना घरभर वास. दरवर्षी भातकापणीनंतर मी ती मागच्या तुकड्यात लावायची, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं राखेत ठेवायची. माझा भाऊ रामचंद्र, त्याच्याकडची तर कधीच संपली होती. मावा कीड लागून गेली, आता तो बाजारची पेरतो. म्हणजे जगात होती ती माझ्या डब्यात. ती अख्ख्या वॉर्डाने लिंबू पिळून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तांडेलांना मी हे सगळं सुनावलं. ते खाटेच्या कडेला बसले होते, मान खाली घालून. मग म्हणाले, "माका काय कळता गो? दर्यात कोण पेरता? आमी जातंव, जाळा टाकतंव, गावला तर हाडतंव. उद्याचो बांगडो कोण डब्यात घालून ठेवता?"

शिरा पडो तुमच्या बांगड्यार, एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी ते परत आले. अंगभर काजळी, डोक्यात जळमटं. रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. चुलीवरच्या वाशाला मी मागे कधीतरी शेंगांचा एक झुपका टांगून विसरले होते. धुराने काळाठिक्कर झालेला. "हे चालतत काय बघ," तांडेल हळूच म्हणाले. शेंगा फोडल्या. किडके काढून टाकले तर मूठभरसुद्धा दाणे निघाले नाहीत, पण होते ते चांगले होते. मी पुरचुंडी उशीखाली ठेवली आणि त्या रात्री इंजेक्शनशिवाय झोपले.

घरी आले ती वॉकर धरून. डॉक्टरने वाकायला बंदी केलेली. म्हणजे या वर्षी पेरणी तांडेलांच्या हातून. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या टोकाला माझी खुर्ची मांडली, तिथून मागचा तुकडा सगळा दिसतो. गावातली स्वप्ना कृषी सहायक आहे, लहानपणी आमच्याच खळ्यात खेळून वाढली. तिला सगळी हकिकत सांगितली तर आधी पोट धरून हसली. मग पिशवीतून चवळीच्या नव्या जातीचं पाकीट काढलं आणि गंभीर झाली. ऑफिसातलं काही सांगायचं झालं की ही पोर आपोआप पुस्तकी मराठीत शिरते.

"काकी, ही जात माव्याला दाद देत नाही. म्हणजे मावा लागतच नाही असं नाही. लागतो, पण हिच्यावर तो पटपट वाढत नाही. हिच्या ओळी चारी बाजूंनी लावा. मध्ये तुमची जुनी."

"जुनीला मावा लागलो तर?" मी विचारलं. कारण माझी चवळी चवीला राणी, पण माव्याच्या बाबतीत अगदी बावळट. जो येईल त्याला घरात घेते.

"लागणारच. पण बाहेरच्या ओळीत थोडा मावा असला की तो खायला लेडीबर्ड येतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले भुंगेरे. तिथेच अंडी घालतात, वाढतात, आणि तिथून आत शिरतात. या जातीवर मावा हळू वाढतो, म्हणून भुंगेऱ्यांना वेळ मिळतो. फक्त फवारणी करायची नाही. फवारलं तर मावा मरेल तसे तेही मरतील, आणि मावा परत आधी येतो, ते मागाहून."

तांडेल ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे वायच मावो होयोच."

"होयोच, काका."

"बरा. पयला वैऱ्याक जेवक घालायचा, मगे तेका खाणारो येतलो." ही शेती आपल्याला जमेल असं त्यांना तिथे पहिल्यांदा वाटलं असावं.

पेरणी झाली. ओळी अशा वाकड्या की बघवेना. मी खुर्चीतून ओरडायची, "ओ, ती ओळ मालवणाक चलली!" आणि तांडेल म्हणायचे, "वारो तसो आसा." पण उगवली चवळी. बाहेरची नवी आणि मधली माझी, दोन्ही. माझी पहिली दोन पानं मातीतून वर आली तेव्हा यांनी मला वॉकरसकट जवळजवळ उचलून शेताच्या कडेला नेलं. मला हा माणूस फार आवडतो. तोंडाने कधी सांगितलं नाही, सांगितलं तर डोक्यावर बसतील.

जानेवारीत आभाळ भरून आलं. तीन-चार दिवस सूर्य नाही, आणि तेवढ्यात मावा आलाच. बाहेरच्या ओळींवर कुठे कुठे काळे ठिपके, पण माझ्या मधल्या ओळींचे कोवळे शेंडे काळे होऊन वाकले. तांडेल दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचे. शेजारच्याचा फवारणीचा पंप मागून आणायला निघाले होते, मी वॉकर आपटून थांबवलं. दोन दिवसांनी बाहेरच्या ओळीत लाल भुंगेरे दिसले तर गावभर सांगत सुटले, पाहुणे इले, पाहुणे इले. दात घासायच्या आधी पाहुण्यांची चौकशी. पानांवर भुंगेऱ्यांची काळी काटेरी पिल्लं फिरायला लागली. ती दिसायला इतकी भयंकर की यांनी पायातली चप्पल काढली होती. स्वप्नाने वेळेवर सांगितलं म्हणून वाचली, सगळ्यात जास्त मावा तीच खातात. मग कोंबड्यांनी ती टिपू नयेत म्हणून तांडेलांनी जुनं जाळं चारी बाजूंनी कुंपणाला लावलं.

बाहेरच्या ओळी आठवड्याभरात स्वच्छ झाल्या. पण मधल्या ओळीत पाहुणे शिरेनात. तिथे मावा वाढतच चालला. काही झाडांची पानं पिवळी पडून चुरगळली. स्वप्ना म्हणाली, हा रोग माव्याने आणलेला, ही झाडं ठेवू नका. मूठभर दाण्यांची झाडं, त्यातली उपटायची! मी खुर्चीत बसून बोट दाखवत होते, ते एक एक उपटत होते, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. या वर्षी बी धरलं नाही तर आईची चवळी संपली. एवढं एक दोघांच्याही मनात.

आणि मला वास येत होता. आधी वाटलं, किनाऱ्यावरून येतो. पण वारा जमिनीकडून होता. मांजरंही सारखी मधल्या ओळीत जाऊन माती उकरायची.

"ओ," मी म्हटलं, "शेतात बांगडो लागलो काय?"

तांडेल आभाळाकडे बघायला लागले.

स्वप्नाने वाकून मधल्या झाडाचा बुंधा बघितला. काळ्या मुंग्यांची रांग जमिनीतून खोडावर, खोडावरून शेंड्यावर चाललेली. एक लाल भुंगेरा नेमका तिथे येऊन बसला, आणि मुंग्यांनी त्याला असं घेरलं की तो उडूनच गेला. "काका, हे बघितलंत? मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्यांना तो आवडतो. म्हणून त्या माव्याची राखण करतात, भुंगेऱ्यांना हाकलतात. पण इथेच एवढ्या मुंग्या कशा काय?" तिने काठीने माती उकरली. आतून बांगड्याचं डोकं निघालं. मग दुसरं. प्रत्येक झाडाच्या मुळाशी.

आता हे असं आहे की आमच्या किनाऱ्यावर नारळाच्या मुळात मासे घालतात. माड जोमाने वाढतो. तांडेलांना झाडाची माया एवढीच माहीत. बाहेरची चवळी सरकारी, तिला काही नाही. माझ्या आईच्या चवळीला मात्र यांनी रोज गुपचूप ताजी डोकी घातली होती. चांगली, कालवणाची डोकी, स्वतःच्या ताटातली. त्याने झाडं अशी कोवळी लुसलुशीत झाली की माव्याची चंगळ, आणि वर मुंग्यांना आमंत्रण.

मला भयंकर राग आला. आणि मग त्यांचं तोंड बघितलं. "मीच घातलंय," ते म्हणाले. "माका वाटला, तुझ्या आवशीची चवळी, तिका बरा कायतरी देवचा."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. "मेल्या माणसा," एवढंच म्हटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा यांना 'तुमी' सोडून काही म्हटलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

स्वप्ना म्हणाली, मुंग्या मारायचं औषध घातलं तर भुंगेऱ्यांनाही त्रास. त्यांना नुसतं तिथून हटवायला हवं. तांडेलांनी डोकं खाजवलं. मग एकदम उठले. "मुंग्यांका कोण हाकलता? तेंका दुसरीकडे जेवाण वाढूया. आमिष टाकूक माका कोण शिकवतलो?"

सगळी डोकी उकरून काढली. शेताच्या पार टोकाला, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या दगडांवर नेऊन मांडली, आणि शेजारी करवंट्यांमध्ये गुळाचं पाणी. ओळीपासून गडग्यापर्यंत मधे मधे गुळाचे थेंब टाकत गेले, माशाला खोल पाण्यातून उथळात आणतात तसे. सगळ्याच मुंग्या गेल्या नाहीत. पण बऱ्याच गेल्या. राहिल्या त्यांच्या मागे हे ओलं फडकं घेऊन. करवंटी रिकामी झाली की भरायची, मग त्यांना म्हणायचं, "खावा बायांनो, पोटभर खावा, पण तकडे खावा." माझ्या चहातला गूळ त्या दिवसांत कमी झाला होता, पण मी बोलले नाही.

आणि मग पाहुणे आत शिरले. बाहेरच्या ओळीत खाऊन पिऊन पोसलेले, पिल्लाबाळांसकट. शेंडे हळूहळू हिरवे झाले. वाकलेले सरळ झाले. एक दिवस तांडेल धावत आले, ओंजळ पुढे करून. ओंजळीत जांभळट फूल होतं. मी ओरडले, "ओ फूल कित्या तोडलात? तेचीच शेंग होतली!" बिचारे परत धावले, फूल देठाला लावता येतं का बघायला.

शेंगा वाळल्या तेव्हा मी वॉकर सोडून काठीवर आले होते. माझ्या हाताने सोलल्या. नवीची परडी भरली, तिची उसळ केली, चांगली झाली, नावं ठेवायला जागा नाही. आईच्या चवळीचा डबा अर्ध्याच्या वर गेला. चाळलेली राख घातली, झाकण लावलं, आणि तांडेलांकडून शपथ घेतली. रवळनाथाची. डब्याला हात लावणार नाही.

आणि मग परवा सोमवार होता.

तांडेल सकाळीच निघाले. मालवणात जातो, जाळ्याचं सूत आणायचं. नवा सदरा घातलेला. सुतासाठी नवा सदरा कशाला, हे माझ्या मनात आलं, पण मी दळणाच्या गडबडीत. दुपारी सहज म्हणून डबा हलवला तर हलका. झाकण काढलं. निम्मी चवळी गायब.

सोमवार! पातेली बघितली. कुकर बघितला. माळा, मोरी, कुठे भिजत घातलीय का, सगळं बघितलं. कोणाला करून घातली या माणसाने? रवळनाथाची शपथ मोडून? मी काठी घेऊन खळ्यात येऊन बसले. ठरवलं, आज येऊ देत, हाड माझं मोडलंय की त्यांचं ते डॉक्टरला कळणार नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रामचंद्र. माझा भाऊ वर्षातून एकदा, चतुर्थीला फोन करतो.

"यशोदा," तो म्हणाला, "भावजी इलेत हय."

"खंय?"

"आमच्या घरात. चवळी घेवन. आवशीची. म्हणतत, सगळी जाळी एका होडयेत ठेवची नसतत. निम्मी तुमच्याकडे रवांदे. मी आत येवा म्हटलंय तर उंबऱ्यारच उभे. म्हणाले, पयला शेत दाखवा. इल्यापासून माका शिकवतत. भोवती ही पाकिटातली लावा, फवारा मारू नको, मुंग्यांका गूळ घाला. आणि मुळात बांगड्याची डोकी पुरू नको. अगो, वैभववाडीत माझ्याकडे बांगड्याची डोकी खंयसून येतली?"

मला हसू फुटलं. "मगे? आत घेतलंस काय तेंका?"

"हातपाय धुवक पाणी दिलंय, हात धरून आत आणलंय. पाटार बसवलंय, बापाशीच्या जाग्यार. पण एक झाला. सोमवार ना आज, मासे नाय. म्हणान तुझी वयनी तेंचीच चवळी भिजत घालूक उठली. तर भावजींनी पिशवी पोटाशी धरली. सोडीनात. म्हणाले, वयनी, ही खावची नाय, ही पेरूची."

मी फोन कानाला लावून खळ्यात बसून रडले, मोठ्याने, दवाखान्यात रडले होते तशी. पाय दुखता काय गो, म्हणून विचारायला घरात कोणी नव्हतं.